वहीत न सापडणारा पूर्वज

पुणे जिल्ह्यातील जैन कुटुंबांत वडीलधाऱ्या मंडळींना पूर्वजांची नावे विचारली, तर तीन-चार पिढ्यांपर्यंतचे उत्तर सहज मिळते. मारवाडातील मूळ गाव, गोत्र आणि कुलदेवी यांचीही माहिती निघते. अडखळण्याची जागा या दोहोंच्या मध्ये असते. गाव सोडून दक्षिणेत प्रथम आलेला पुरुष कोण, तो कोणत्या साली आणि कोठे उतरला, हे सांगणारा कागद बहुधा हाती लागत नाही. मूळ गावच्या वंशावळीत त्याची शाखा तेथेच खुंटते आणि इकडच्या दप्तरात तो एकदम दुकान थाटून बसलेलाच दिसतो.

ओसवाल समाजाची वंशावळ सांभाळण्याचे काम परंपरेने कुलगुरू, महात्मे आणि भाट यांच्याकडे होते. ते यजमानाच्या गावी फिरतीवर येत, नवे जन्म व विवाह वहीत चढवीत आणि दक्षिणा घेऊन पुढे जात. यजमानच शेकडो कोस दूर गेला की ही फिरती विरळ होणार आणि वहीत खंड पडणार, हे ओघानेच आले. व्यापारी पत्रे आणि खातेवह्या तर मुडिया लिपीत. तिच्यात काना-मात्रा वगळण्याची रीत असल्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ हे वाक्य ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट व्यापारी मंडळींत सर्वश्रुत आहे. वंशावळीच्या कामात मात्र हा विनोद राहत नाही. एका मात्रेच्या अभावी दोन भाऊ एक होतात, किंवा एकाच माणसाचे दोन होतात.

जैन समाजाजवळ याहून भक्कम साधने आहेत, हे खरे. धातुप्रतिमांवरील लेखांत संवत, ज्ञाती, गोत्र, पिता, माता, भार्या, पुत्र आणि प्रतिष्ठा करणारे आचार्य यांची नावे येतात. वंशावळीच्या वह्या पुरुषांच्या नावांवर चालतात; आजी-पणजीचे स्वतःचे नाव मात्र अनेकदा या पितळेच्या पाठीवरच टिकले आहे. पूरणचंद नाहर यांचे जैन लेखसंग्रह आणि अगरचंद नाहटा यांचा बीकानेरच्या लेखांचा संग्रह यासाठी आजही उघडावे लागतात. हस्तलिखितांच्या शेवटी ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्रावकाच्या घराण्याची प्रशस्ती असते. मुनी जिनविजयजींनी अशा प्रशस्तींचा संग्रह १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. जैन हस्तलिखितांचा फार मोठा साठा पुण्यातच, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. परंतु ही सारी साधने दात्यांची नावे सांगतात. पाठीवर कापडाचे गाठोडे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने प्रतिमा कोठून भरवावी आणि ग्रंथ कोठून लिहवून घ्यावा? आपण ज्याला शोधतो आहोत तो बहुधा हाच माणूस.

त्याच्या स्वतःच्या वह्या असत, पण त्यांतील अनेक वह्या १८७५ च्या उन्हाळ्यात जळाल्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला. त्यापाठोपाठ फेरपाहणीनंतर अनेक तालुक्यांत शेतसारा वाढला आणि कर्ज फेडणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या बाजाराच्या गावी जमाव मारवाडी व गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुढे ही आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरली. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोखे व खातेवह्या यांवर होता. सावकाराने कागद आपण होऊन स्वाधीन केले, तेथे बहुधा पुढील अनर्थ टळला. आज त्या कागदांत आपण पणजोबांच्या पणजोबांचे नाव शोधतो. त्या दिवशी ते जाळणाऱ्याला त्यात आपल्या शेताचे नाव दिसत होते. दोन्ही नावे एकाच पानावर होती, हे विसरून हा इतिहास लिहिता येणार नाही.

दंगलीच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल आणि परिशिष्टांतील जबान्या हेच आता अनेक गावांतील पहिल्या मारवाडी दुकानदारांचे जुने छापील साधन ठरले आहे. शिरूर तालुक्यातील करडे गावचा कालूराम त्यांतलाच. त्याने गावच्या देशमुखावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि लिलावात घेतलेले देशमुखाचे घर पाडावयास काढले. त्यावरून डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी आणि घरगडीसुद्धा मिळेनासे झाले. इतिहासात कालूराम उरला तो एवढाच, एका हुकूमनाम्यापुरता. पूर्वज सापडावा म्हणणाऱ्याने तो अशा स्थितीतही सापडू शकतो, याची तयारी ठेवावी.

दंगलीनंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिणे आवश्यक केले. पुढे १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापासून फेरफाराच्या नोंदी सुरू झाल्या. हिंजवडी आज संगणक-उद्योगाची वसाहत म्हणून ओळखली जाते. महसुली दप्तरात मात्र ती मुळशी तालुक्यातील एक शेतीचे गाव आहे आणि तिचाही जुना कागद मोडीतच वाचावा लागतो. अशा कोणत्याही गावच्या वारस-फेरफारात बापाचे, मुलांचे आणि विधवेचे नाव एकत्र मिळू शकते. अडचण आडनावाची. लिहिणाऱ्याने गोत्र विचारले नाही. ‘मारवाडी’ किंवा ‘गुजर’ लिहून तो मोकळा झाला. त्यामुळे ओसवाल कोण आणि माहेश्वरी कोण, हेही त्यावरून ठरत नाही. संवताचाही घोटाळा आहेच. सुप्याची दंगल चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्याच्या लेखी संवत १९३२ ची, कार्तिकापासून मोजणाऱ्याच्या लेखी १९३१ ची. एक वर्षाचा फरक पाहून दोन वेगळ्या व्यक्ती मानणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

या सर्वांहून जवळचे साधन घराच्या माळ्यावर असते. दिवाळीच्या चोपडापूजनात वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण, संवत, तिथी आणि पेढीचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे. पेढीच्या नावात पुष्कळदा बाप-लेकांची जोडी असते, म्हणजे दोन पिढ्या एका ओळीत मिळतात. घर बदलताना या वह्या रद्दीत जातात किंवा नदीत विसर्जित होतात. तत्पूर्वी निदान पहिली दोन पाने तरी जपावीत. पहिल्यावर पूर्वजाचे नाव असते आणि दुसऱ्यापासून त्याच्या कुळांची नावे सुरू होतात.