न्याय्य निकालाची किंमत

लाच घेऊन अन्याय्य निकाल देणे हे पाप आहे, हे सांगावयास धर्मगुरूची गरज नाही. परंतु न्यायाधीशाने पैसे घेतले आणि निकाल मात्र योग्य तोच दिला, तर? सेमिनरीत नैतिक ईशज्ञानाच्या तासाला हा प्रश्न निघाला की आम्हा विद्यार्थ्यांत हटकून दोन तट पडत. हा केवळ वर्गातला काथ्याकूट नव्हे. अमेरिकेतील एका कॅथलिक न्यायाधीशाचे भवितव्य १९३९ साली याच प्रश्नावर येऊन ठेपले होते. त्यांचे नाव मार्टिन मँटन.

मँटन यांचा जन्म १८८० साली न्यू यॉर्क येथे झाला. १९०१ साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. पुढे सुप्रसिद्ध वक्ते आणि काँग्रेस-सदस्य बर्क कॉक्रन हे त्यांचे भागीदार झाले व पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही चालून आली. अमेरिकेत राज्यांची न्यायालये निराळी आणि मध्यवर्ती सत्तेची, म्हणजे फेडरल न्यायालये निराळी. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात आणि सद्वर्तन असेतो ती तहहयात असते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१६ साली मँटन यांना न्यू यॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयावर नेमले. त्या वेळी ते अवघे छत्तीस वर्षांचे होते. दोनच वर्षांत ते तेथील अपील न्यायालयावर गेले.

१९२२ साली सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली, तेव्हा मँटन यांचे नाव जोराने पुढे आले. पण सरन्यायाधीश टाफ्ट यांचा त्यांना ठाम विरोध होता. ती जागा अखेर दुसऱ्याच एका कॅथलिकाला, पिअर्स बटलर यांना मिळाली. मँटन मात्र पुढे आपल्या न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश झाले. सर्वोच्च न्यायालयातील नऊ जणांनंतरचे देशातील दहावे न्यायाधीश, असा वृत्तपत्रे त्यांचा उल्लेख करीत. संत ग्रेगरी यांच्या नावाचा परमगुरुस्वामींचा बहुमानही त्यांना लाभला होता.

वरून सारे असे झळझळीत असताना आतून वाळवी लागली होती. न्यायाधीश झाल्यावरही मँटन यांनी आपले धंदे सोडले नव्हते. जमीनजुमला, हॉटेले आणि निरनिराळ्या कंपन्यांत त्यांचा पैसा गुंतला होता. १९२९ नंतरच्या महामंदीत हा डोलारा खचला आणि कर्जे अंगावर आली. वार्षिक साडेबारा हजार डॉलरचे वेतन त्या काळी काही थोडे नव्हते, परंतु या खाईपुढे ते काहीच नव्हते. मग ज्यांचे दावे त्यांच्या न्यायालयात चालू असत, त्यांच्याकडून मँटन यांच्या कंपन्यांना 'कर्जे' मिळू लागली. फॅलन नावाचा एक मध्यस्थ पक्षकारांशी बोलणी करी. दाढीच्या विजेरी यंत्रांच्या पेटंटचा वाद असो की अंडी उबविण्याच्या यंत्रांचा, व्यवहाराची रीत तीच.

२९ जानेवारी १९३९ रोजी न्यू यॉर्कचे सरकारी वकील टॉमस ड्यूई यांनी काँग्रेसच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून या व्यवहारांची जंत्रीच दिली. आकडा चार लाख डॉलरच्या वर होता. दुसऱ्याच दिवशी मँटन यांनी राजीनामा जाहीर केला. खटला उभा राहिला, फॅलनने गुन्हा कबूल करून साक्ष दिली. राष्ट्राध्यक्षपदाचे माजी उमेदवार ॲल स्मिथ यांच्यासारखा मातबर कॅथलिक नेता चारित्र्याची ग्वाही देण्यास आला. पंचांनी तरीही मँटन यांना दोषी ठरविले. दोन वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

अपील ऐकायचे कोणी? ते न्यायालय तर त्यांचेच! म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सदरलँड, विद्यमान न्यायाधीश स्टोन आणि नव्याने आलेले न्यायाधीश क्लार्क यांचे खास पीठ बसले. मँटन यांच्या बाजूने मांडलेला मुद्दा वरकरणी बिनतोड होता. अपील न्यायालयात तीन न्यायाधीश एकत्र बसत. उरलेल्या दोघांवर कसलाच ठपका नव्हता, आणि त्यांनीही तेच निकाल दिले होते. मग निकाल चुकले कोठे, आणि अपराध झाला कोठे?

सदरलँड यांनी या मुद्द्याला बगल दिली नाही. वादापुरते ते सारे निकाल योग्य होते असेच धरून चालू, असे ते म्हणाले. तरीही गुन्हा उरतोच, कारण न्यायाधीशाची कृती, मग ती बरोबर असो वा चूक, विकावयाची वस्तूच नाही.

हे वाचताना मला संत ऑगस्टिन आठवले. आफ्रिकेतील रोमन अधिकारी मॅसेडोनियस याला पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की वकिलाने योग्य कैवाराचे आणि कायदेपंडिताने खऱ्या सल्ल्याचे पैसे घ्यावेत. पण म्हणून न्यायाधीशाने न्याय्य निवाडा आणि साक्षीदाराने खरी साक्ष विकू नये. वकील एका बाजूचा असतो, न्यायाधीश दोन्ही बाजूंचा. हाच धागा पकडून संत थॉमस अक्वायनस पुढे सांगतात की म्हणूनच न्यायाधीशाच्या श्रमाचे वेतन सार्वजनिक निधीतून ठरविलेले असते. ऑगस्टिन आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवितात. न्याय्य निकालासाठी ज्याला पैसे मोजावे लागले, तो ते परत मागू पाहतो, कारण जे त्याच्या हक्काचेच होते ते त्याला विकत घ्यावे लागले. आपल्याकडे रास्त दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेताना मँटन यांनी आणखी एक युक्तिवाद केला. इतक्या उच्चपदस्थ न्यायाधीशाला दोषी ठरविल्यास लोकांचा न्यायालयांवरील विश्वासच ढळेल, तेव्हा सार्वजनिक हितासाठी तसे होऊ नये! संस्थेची अब्रू राखण्यासाठी प्रकरण झाकावे, हा सूर चर्चच्या आवारातही आपल्या कानांवर आलेला आहे. मला हा युक्तिवाद मूळ अपराधाहून अधिक घातक वाटतो. न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि मार्च १९४० मध्ये मँटन तुरुंगात गेले. १९४१ च्या ऑक्टोबरात सुटले, १९४६ साली वारले.

त्यांचे एक निकालपत्र आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. जेम्स जॉईस यांची 'युलिसिस' ही कादंबरी अश्लील नाही, असा निर्णय १९३४ साली त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दिला. मँटन यांनी भिन्नमत लिहिले. समाजातील दुबळ्या मनांचे रक्षण व्हावे आणि साहित्याने माणसाला उन्नत करावे, असा त्यांचा आग्रह होता. कर्जांचे व्यवहार चालू होते ती हीच वर्षे. परंतु हे भिन्नमत विकले गेल्याचा आरोप त्यांच्या खटल्यात कोणी केला नाही.