पाळी गेल्यानंतर

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून बोईसरच्या बाजारात एक वेगळी भाजी दिसू लागते. अळूची पानं, लाल माठ, शिराळं, भेंडी, सुरणाची फोड, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं थोडं थोडं एकत्र करून लावलेले वाटे. ही ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही तिच्यात चालत नाही, म्हणून परसातलं, कुंपणावर चढलेलं, हाताने लावलेलं तेवढंच घ्यायचं. वाटा उचलणाऱ्या पुष्कळ जणी पन्नाशीच्या आसपासच्या असतात. पाळी गेली की ऋषिपंचमी धरायची, सात वर्षं करायची आणि मग उद्यापन करायचं, अशी अनेक घरांची रीत आहे.

व्रताच्या कथेतली बाई विटाळात भांड्यांना शिवते आणि पुढच्या जन्मी कुत्री होते. तिचा नवरा बैल होतो. त्या दोषाचं हे प्रायश्चित्त. उभ्या आयुष्यात कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचा हिशेब बाईने पाळी संपल्यावर चुकता करायचा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवलंय की मुळात हे व्रत पुरुषांनाही सांगितलेलं होतं. पुढे पुरुष त्यातून सुटले, बाया राहिल्या.

त्या बदल्यात तिला काही मिळालंही. देवघर, लोणच्याची बरणी, सणाचा स्वयंपाक, कशालाही आता ती कधीही हात लावू शकते. घरात तिच्या शब्दाला वजन येतं. हे लहान नव्हतं. पण आता तिने कशाला शिवावं, एवढंच त्या रीतीने पाहिलं. तिला रात्री दोन वाजता घामाने भिजून जाग का येते, हे कुणी विचारलं नाही.

वैद्यकानेही आधी वयच मोजलं. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला संपते असं म्हटलंय. आज भारतीय बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या सुमारास. फ्रेंच डॉक्टर गार्दान यांनी 1821 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि ‘मेनोपॉज’ हे नाव रूढ झालं. कारण कळायला मात्र आणखी शंभर वर्षं जावी लागली. 1929 मध्ये इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढता आलं, आणि अंडाशयातली बीजं संपत आली की हे संप्रेरक घटतं, हे उलगडलं.

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की ती फार हळवी होते. तापमान जराही वाढलं की ‘ताप झाला’ असं समजून ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडते, घाम सोडते. छातीतून वर चढत मानेवर, तोंडावर कढत वाफ येते, जीव घाबरतो, छाती धडधडते आणि पाच-दहा मिनिटांत अंग गार पडतं. तारापूर-चिंचणीच्या दमट किनाऱ्यावर हे सहज लपून जातं. ऑक्टोबरात घाम कुणाला येत नाही? औषधांच्या कारखान्यात डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क लावून पॅकिंगला बसलेली बाई काय, मासळीची पाटी घेऊन लोकल पकडणारी मांगेलीण काय, दोघीही ‘उकाडा आहे’ म्हणून पुढे जातात. सांधे धरतात, चिडचिड होते, लघवीला वारंवार जळजळ होते, नवऱ्याजवळ जाणं दुखरं होतं. ही शेवटची गोष्ट तर डॉक्टरलाही सांगितली जात नाही.

उपचाराची वाटही सरळ गेली नाही. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन 1942 मध्ये अमेरिकेत गोळी म्हणून आलं. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी पुस्तक लिहून ते कायमच्या तारुण्याचं औषध ठरवलं. 1975 मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला. 2002 मध्ये एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्या चाचणीतल्या बऱ्याच बाया साठीच्या पुढच्या होत्या, हे नंतर नीट पाहिलं गेलं. आता तज्ज्ञ म्हणतात, साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील तेव्हा, स्तनाच्या कर्करोगासारखा धोका नसेल तर, बहुतेक जणींना फायदा जास्त.

महाराष्ट्रात याच काळात दुसरंच घडत होतं. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवरही ऑपरेशन. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर पस्तिशीतल्या बाईवर हा बदल एका रात्रीत कोसळतो. हाडं कित्येक वर्षं आधीच झिजू लागतात. तिला अगोदर हे कुणी सांगत नाही याचा मला संताप येतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात. त्याच्या आधीची काही वर्षं अनियमिततेचीच असतात. पण ते बारा महिने उलटल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी ‘पाळी परत आली’ म्हणून घरी बसू नये. त्याच आठवड्यात तपासून घ्यावं. आणि चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली, तर तेही वयावर ढकलून चालत नाही.