यशवंत स्टेडियम: मॅच कोणती?

"यशवंत स्टेडियमला वन-डे होतात का रे?" पुण्याचा रूममेट विचारत होता. नाही बाबा! मोठं क्रिकेट सिव्हिल लाइन्सला व्हायचं, 2008 मध्ये ते जामठ्याला गेलं. आमच्या धंतोलीच्या स्टेडियमवर खेळ होतात, सभाही होतात. पण खरा सीझन हिवाळ्यातला... मोर्च्यांचा.

याचं मूळ 1953 च्या नागपूर करारात आहे. वर्षातून विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपूरला, असं त्यात ठरलं. 1956 मध्ये राजधानी गेली, अधिवेशन तेवढं उरलं. सरकार इथे आलं की गाऱ्हाणीही येतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी स्टेडियमपाशी जमतात आणि विधानभवनाकडे निघतात. पोचतात क्वचितच, पोलीस बहुधा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटलाच अडवतात. शाळेत असताना मोर्च्यात ऑटो अडकला की आम्ही जाम खूश!

याच परिसरात 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींचा मोर्चा अडवला होता. अनुसूचित जमातीचा दर्जा हवा, एवढीच मागणी. चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यात बायका-मुलं बरीच. झिरो माइलजवळ स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही गोवारींचं नाव आहे. मी मात्र कॉलेज संपेपर्यंत त्याला नुसतं 'बर्डीचा पूल' म्हणायचो.