पीडीएफचे कॅड ड्रॉईंग कसे करतात? मरोळच्या गाळ्यापासून सोसायटीच्या पुनर्विकासापर्यंत

अंधेरी पूर्वेच्या मरोळमध्ये एकाच गल्लीत दोन वेगळी कामे चालतात. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात पत्रा कापणारे लेसर मशीन असते, आणि थोड्या अंतरावरच्या जुन्या सोसायटीत पुनर्विकासाच्या बैठका सुरू असतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट हमखास घडते. व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येते आणि सोबत निरोप असतो, 'याचे कॅडमध्ये ड्रॉईंग करून द्या.'

काम किरकोळ वाटते. पण याच टप्प्यावर माप चुकले, तर गाळ्यात पत्रा वाया जातो आणि सोसायटीत सभासदाचे काही चौरस फूट कागदावरून गायब होतात. म्हणून पीडीएफ आणि कॅड फाइल यांत फरक काय, रूपांतर कसे होते आणि चूक नेमकी कुठे शिरते, हे माहीत असायला हवे.

पीडीएफ आणि कॅड फाइल यांत फरक काय?

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. कागद सगळीकडे सारखाच दिसावा आणि सारखाच छापला जावा, हा त्याचा उद्देश. म्हणजे पीडीएफ हे मुळात छापील पान आहे. त्यातली लांबी 'पॉइंट' या एककात मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे १ इंच.

कॅड फाइलमध्ये मात्र वस्तूचे खरे माप असते. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि त्यासोबतच डीएक्सएफ हा देवाणघेवाणीचा प्रकारही आला. डीडब्ल्यूजी ही ऑटोकॅडची मूळ फाइल. ३ मीटरची भिंत कॅडमध्ये ३००० मिलिमीटरचीच काढतात. तीच भिंत १:१०० प्रमाणात पीडीएफ केली की कागदावर ३० मिलिमीटर होते, म्हणजे सुमारे ८५ पॉइंट. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने पॉइंटलाच मिलिमीटर मानले, तर ३ मीटरची भिंत ८५ मिलिमीटरची होऊन बसते. दिसायला ड्रॉईंग अगदी बरोबर असते, फक्त माप खोटे असते.

आधी पाहायचे: पीडीएफ रेषांची की फोटोची?

पीडीएफ दोन प्रकारची असते. कॅडमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये रेषा रेषेच्याच स्वरूपात साठवलेल्या असतात. याला व्हेक्टर पीडीएफ म्हणतात. कागद स्कॅन करून किंवा मोबाइलने फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये फक्त ठिपके असतात. ती रास्टर पीडीएफ.

ओळखायची पद्धत सोपी आहे. फाइल उघडून खूप मोठी करून पाहावी. रेषा शेवटपर्यंत धारदार राहिली तर व्हेक्टर, चौकोनी ठिपके दिसू लागले तर रास्टर. कधी एकाच पानावर दोन्ही असतात. चौकट आणि नाव व्हेक्टर असते, पण आतला नकाशा स्कॅन केलेला असतो. त्यामुळे तपासणी नकाशाच्या रेषेवरच करावी.

रूपांतराचे तीन मार्ग

१. थेट आयात: व्हेक्टर पीडीएफसाठी हा पहिला मार्ग. ऑटोकॅडच्या २०१७ च्या आवृत्तीपासून 'पीडीएफ इम्पोर्ट' ही आज्ञा आहे. मोफत पर्याय हवा असेल तर इंकस्केपमध्ये पीडीएफ उघडून डीएक्सएफ म्हणून साठवता येते आणि ती फाइल लिब्रेकॅडमध्ये पाहता येते. रेषा येतात, पण भिंत, दार, मापरेषा अशी ओळख परत येत नाही. मापरेषेचे बाण आणि आकडे सुटे होऊन येतात.

२. आपोआप ट्रेसिंग: स्कॅनमधल्या ठिपक्यांवरून प्रोग्राम स्वतः रेषा काढतो. इंकस्केपमधल्या 'ट्रेस बिटमॅप'ने हे होते. अडचण अशी की रेषेलाही जाडी असते. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये ०.५ मिलिमीटर जाड रेषा सुमारे ६ ठिपके रुंद असते. प्रोग्राम तिच्या दोन्ही कडा गिरवतो आणि एका रेषेच्या दोन होतात. त्यासाठी मध्यरेषा काढणारा पर्याय निवडावा लागतो. तरीही कोपरे गोल होणे, अक्षरांचे तुकडे होणे हे चालूच राहते. लोगो किंवा नक्षीच्या जाळीसाठी हा मार्ग ठीक आहे, घराच्या नकाशासाठी नाही.

३. खाली ठेवून हाताने गिरवणे: पीडीएफ किंवा स्कॅन कॅडमध्ये खालच्या थरावर ठेवायचे, प्रमाण जुळवायचे आणि वर नव्याने रेषा काढायच्या. जुने ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर करत तेच काम पडद्यावर होते. वेळ लागतो, पण प्रत्येक रेषेकडे माणसाची नजर जाते. जुन्या, स्कॅन केलेल्या नकाशांसाठी हाच मार्ग भरवशाचा.

प्रमाण जुळवणे: सर्वात महत्त्वाची पायरी

नकाशावर १:१०० लिहिले आहे म्हणून तो १:१०० आहेच, असे धरून चालत नाही. ए-१ आकाराचा नकाशा ए-३ कागदावर बसवून छापला, तर लांबी निम्मी होते. लिहिलेले १:१००, प्रत्यक्षात १:२००. ही चूक मोठी असल्याने लगेच लक्षात येते. लपून राहते ती छोटी चूक. प्रिंटरमध्ये 'फिट टू पेज' चालू राहिले आणि नकाशा ९७ टक्के आकारात छापला गेला, तर डोळ्याला काहीच कळत नाही.

जुन्या नकाशांत आणखी एक खाच असते. फूट-इंचांच्या नकाशात १ इंचाला ८ फूट हे प्रमाण नेहमीचे. त्याचे गुणोत्तर १:९६ होते. त्यालाच १:१०० समजले, तर लांबी सुमारे ४ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्के जास्त येते.

यावर उपाय म्हणजे लिहिलेल्या प्रमाणाऐवजी लिहिलेल्या मापावर विश्वास ठेवणे. नकाशावर आकडा दिलेली सर्वात लांब मापरेषा घ्यावी. कॅडच्या 'स्केल' आज्ञेतला 'रेफरन्स' पर्याय वापरून ती लांबी खऱ्या आकड्याला जुळवावी. मग दुसरे माप तपासावे, तेही काटकोनातल्या दिशेचे. घडी पडलेला, दमट हवेत राहिलेला जुना अमोनिया प्रिंट आडवा आणि उभा सारखाच ताणला जात नाही. एक दिशा जुळली आणि दुसरी जुळली नाही, तर दोष कागदाचा किंवा स्कॅनरचा आहे. अशा वेळी आकडे वाचून नवे ड्रॉईंग काढणेच बरे.

गाळ्यातले नुकसान: वर्तुळ गोल राहत नाही

मरोळमध्ये एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे आणि शेजारी १९७३ मध्ये सुरू झालेले सीप्झ. अशा भागात सुट्या भागांची ड्रॉईंग रोज इकडून तिकडे जातात. इथे प्रमाणासोबत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते.

पीडीएफमध्ये 'वर्तुळ' नावाची वस्तूच नसते. वर्तुळ साधारणपणे चार वक्ररेषा जोडून काढलेले असते. ते खऱ्या वर्तुळाच्या अगदी जवळ असते, फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी. पण रूपांतर करताना अनेक प्रोग्राम त्या वक्राचे सरळ तुकडे करतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे १६ तुकडे झाले, तर प्रत्येक तुकड्याच्या मधोमध जवळजवळ १ मिलिमीटर कमी पडतो. ३२ तुकड्यांत ही चूक सुमारे ०.२४ आणि ६४ तुकड्यांत ०.०६ मिलिमीटर राहते. बेअरिंग बसणार असेल तिथे एवढाही फरक चालत नाही. म्हणून प्रत्येक भोक कॅडच्या वर्तुळाने पुन्हा काढावे, एकावर एक आलेल्या रेषा 'ओव्हरकिल'ने काढून टाकाव्यात आणि बाहेरची कड कुठे तुटलेली नाही ना, हे पाहावे. दुहेरी रेषा राहिली तर लेसर त्याच जागी दोनदा फिरतो.

सोसायटीतले नुकसान: तीन टक्क्यांचे गणित

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली मार्गदर्शक सूचना आहेत. पहिल्या ३ जानेवारी २००९ च्या, सुधारित ४ जुलै २०१९ च्या. वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार व्यवहार्यता अहवाल करतो, तेव्हा सभासदांचे सध्याचे कार्पेट एरिया हा हिशोबाचा पाया असतो. मूळ कॅड फाइल जुन्या इमारतींची नसतेच. असतो तो मंजूर नकाशाचा पिवळा पडलेला प्रिंट आणि त्याचा स्कॅन.

समजा, ९७ टक्के आकारात छापलेला नकाशा स्कॅन झाला आणि कोणी माप न जुळवता १:१०० धरून गिरवला. लांबीत ३ टक्के घट म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ ६ टक्के. ६०० चौरस फुटांचे घर ५६४.५ चौरस फुटांचे दिसेल. ३० टक्के वाढीव जागेचा प्रस्ताव असेल, तर ७८० ऐवजी सुमारे ७३४ चौरस फूट मिळतील. ४६ चौरस फूट म्हणजे एक छोटे स्वयंपाकघर. यात कोणी फसवलेले नसते, फक्त एक तपासणी राहून गेलेली असते.

म्हणून स्कॅनवरून केलेले ड्रॉईंग हा अंदाज समजावा. प्रत्येक प्रकारच्या एका तरी घरात टेपने किंवा लेसर मीटरने माप घेऊन ते ताडून पाहावे. भूखंडाच्या हद्दीसाठी तर नगर भूमापनाची मोजणीच लागते. गिरवलेला नकाशा तिची जागा घेऊ शकत नाही.

मराठी अक्षरांचे काय?

जुन्या नकाशांवरचा मराठी मजकूर बहुधा युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये असतो. आयात केल्यावर 'शयनगृह'च्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. यावर सोपा उपाय नाही. मजकूर वाचून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा. आकडेही असेच एकेक ताडून पाहावेत, कारण अस्पष्ट स्कॅनमध्ये ३ आणि ८ सहज बदलतात.

फाइल पाठवण्याआधी

- शक्य असल्यास मूळ डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफच मागावी. रूपांतराची गरजच उरत नाही.
- स्कॅन करायचा असेल तर सपाट स्कॅनरवर किमान ३०० डीपीआयने करावा. १:१०० च्या नकाशात तिथे एक ठिपका म्हणजे जमिनीवर साडेआठ मिलिमीटर.
- मोबाइलचा फोटो मापासाठी वापरू नये. कोन तिरका असला की चौकोनाचा समलंब होतो.
- फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे नावातच लिहावे. गल्लत झाली तर फरक २५.४ पट पडतो.
- ग्राहकाचे ड्रॉईंग किंवा घराचा नकाशा अनोळखी मोफत वेबसाइटवर चढवू नये. फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.
- ड्रॉईंगच्या कोपऱ्यात ते कशावरून केले, कोणत्या मापाने जुळवले आणि तारीख काय, हे नोंदवावे. पुढे फाइल हाती घेणाऱ्याला त्यावरूनच कळते की कोणत्या रेषेवर किती भरवसा ठेवायचा.