ग्वाल्हेर एका संध्याकाळात : किल्ला पाहा, पण लष्करात फिरल्याशिवाय परतू नका

ग्वाल्हेरला जाणारा मराठी पाहुणा बहुतेक वेळा वाटेतला पाहुणा असतो. आग्रा, मथुरा, दिल्लीच्या सहलीत एक मुक्काम ग्वाल्हेरला पडतो आणि हातात जेमतेम एक संध्याकाळ उरते. टॅक्सीवाला किल्ल्यावर नेतो, अंधार पडल्यावर ध्वनी-प्रकाश कार्यक्रम दाखवतो आणि हॉटेलवर आणून सोडतो. किल्ला पाहण्यासारखा आहे, यात वाद नाही. पण किल्ल्याच्या दक्षिणेला पसरलेले 'लष्कर' हे शहर मराठ्यांनी वसवलेले आहे. तिथल्या गल्ल्यांची नावे मराठी माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाहीत. नेमके तेच ठराविक टूरमध्ये राहून जाते. एका संध्याकाळात दोन्ही कसे जमवायचे, त्याची ही माहिती.

दुपारी साडेतीन-चार : सुरुवात तानसेनापासून

शहराचे तीन भाग ध्यानात ठेवले की वाट चुकत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी ईशान्येला जुने ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर आणि पूर्वेला मुरार. जुन्या ग्वाल्हेरात हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांची मोठी कबर आहे. दगडी जाळ्यांचे काम पाहायला इथे थोडा वेळ थांबावे. त्याच आवारात मियाँ तानसेनाची साधी, छोटी कबर आहे. शेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी गायकांची जुनी समजूत. दर डिसेंबरात इथे तानसेन समारोह होतो. २०२४ साली तो शंभरावा झाला. डिसेंबरात जाणाऱ्यांनी समारोहाच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात, म्हणजे तीच संध्याकाळ गाण्याची करता येते.

जय विलास महालातले संग्रहालय पाहायचे असेल तर ते याच्याही आधी, दुपारीच उरकावे. संध्याकाळी ते बंद होते. जयाजीराव शिंदे यांनी मायकेल फिलोज या स्थापत्यकाराकडून १८७४ साली हा महाल बांधून घेतला. दरबार हॉलमधली दोन प्रचंड झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. छत ते वजन पेलेल का, हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, असे सांगतात. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी मुलांना हमखास आवडते.

साडेचार : पायी वर, गाडीने खाली

किल्ल्याला दोन वाटा आहेत. पूर्वेची ग्वाल्हेर दरवाजाची वाट पायी चढायची, पश्चिमेची उरवाई दरवाजाची वाट गाडीची. गुडघे साथ देत असतील तर पूर्वेकडून चढावे आणि गाडी पश्चिमेकडून वर मागवून घ्यावी. पूर्वेच्या वाटेच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमर याने गुजरी राणी मृगनयनीसाठी तो बांधला, असे सांगितले जाते. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

चढावर खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. गाडीने येणाऱ्यांचे ते हमखास चुकते. आकाराने किरकोळ, पण मोलाने मोठे. इ. स. ८७६ च्या इथल्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेचे माप २७० हात बाय १८७ हात असे दिले आहे आणि रोजच्या ५० माळांची तरतूद आहे. २७० आणि ५० मधले शून्य आजच्यासारखेच गोल आहे. तारीख माहीत असलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक.

किल्ल्याची टेकडी सुमारे तीन किलोमीटर लांब आणि जवळपास शंभर मीटर उंच आहे. सगळे पाहायला दिवस पुरत नाही. संध्याकाळच्या दोन तासांत तीन ठिकाणे नीट पाहावीत.

*मानमंदिर* : मानसिंह तोमराच्या कारकिर्दीत (१४८६ ते १५१६) हा महाल उभा राहिला. बाहेरच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत बदके, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे आहेत. सूर्य कलताना हे रंग उठून दिसतात. आत जमिनीखाली दोन मजले आहेत. मोगलांच्या काळात किल्ला राजकैद्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुरादबक्ष याला इथेच कैदेत ठेवले आणि १६६१ साली मारले.

*सासबहू मंदिर* : नावावरून सासू-सुनेची गोष्ट सांगितली जाते, पण मूळ नाव 'सहस्रबाहू' म्हणजे विष्णूचे मानले जाते. कच्छपघात राजा महिपालाच्या वेळचे, इ. स. १०९३ मध्ये पुरे झालेले हे देऊळ. इथल्या कट्ट्यावरून खालचे शहर दिसते.

*तेली का मंदिर* : किल्ल्यावरची ही सर्वांत उंच वास्तू, सुमारे शंभर फूट. वरचा भाग दक्षिणेकडच्या गोपुरासारखा अर्धगोल छपराचा आहे. बदामी-पट्टदकल पाहिलेल्या सीमाभागातल्या वाचकाला इथे थोडी ओळखीची खूण पटेल.

जवळच 'दाता बंदी छोड' हा गुरुद्वारा आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना जहांगीराने या किल्ल्यात ठेवले होते. सुटताना त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांनाही सोडवून नेले, अशी श्रद्धा आहे. उतरताना उरवाईच्या घाटात कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात. त्या पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळच्या. सर्वांत मोठी मूर्ती ५० फुटांहून उंच आहे. उजेड असेपर्यंतच त्या नीट दिसतात, म्हणून अंधारापर्यंत किल्ल्यावर थांबायचे असेल तर जाताना एकदा उरवाईवरून जावे.

कार्यक्रम पाहावा की नाही?

मानमंदिरासमोर अंधार पडल्यावर ध्वनी-प्रकाश कार्यक्रम होतो. हिंदी कार्यक्रमाला अनेक वर्षे अमिताभ बच्चन यांचा आवाज होता. लहान मुले बरोबर असतील किंवा पाय थकले असतील तर जरूर बसावे. पण हातात खरोखर एकच संध्याकाळ असेल तर इथे निवड करावी लागते. कार्यक्रम संपून खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि लष्करातला फेरफटका हुकतो. दिवे लागणीला खाली उतरले तर लष्कर ऐन गजबजलेले सापडते.

फुलबाग : झाशीच्या राणीची समाधी

लष्करात शिरण्याआधी फुलबागेत थांबावे. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. पुढे कोटा-की-सराय येथील लढाईत राणी पडली. तारीख बहुतेक ठिकाणी १७ जून, तर काही नोंदींत १८ जून आहे. २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि तो शिंद्यांना परत मिळायला १८८६ साल उजाडले; त्या बदल्यात इंग्रजांनी झाशी घेतली. समाधीजवळ राणीचा घोड्यावरचा पुतळा आहे. मोरोपंत तांबे यांच्या या मुलीच्या समाधीवर डोके टेकवल्याशिवाय मराठी कुटुंबे पुढे जात नाहीत.

साडेसात : लष्कर, म्हणजे छावणीचे झालेले शहर

शिंद्यांची राजधानी आधी उज्जैनला होती. किल्ला अनेकांच्या हातून गेला: १७८० साली इंग्रजांच्या पॉपहॅमने रात्रीच्या छाप्यात तो घेतला, पुढे महादजींनी तो परत मिळवला. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला. तंबूंच्या जागी घरे आली, घरांचे वाडे झाले, पण नाव 'लष्कर' तेच राहिले.

मध्यभागी 'महाराज बाडा' हा चौक. बाडा म्हणजे आपला वाडाच. जय विलास होण्याआधी राजघराणे राहायचे तो गोरखी महाल इथेच आहे. भोवती टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस, बँकेची इमारत अशी वेगवेगळ्या घडणीची बांधकामे गोलाकार उभी आहेत. संध्याकाळी त्यांवर दिवे असतात आणि खाली चाट, ज्यूस, कपड्यांची गर्दी.

इथून पायी निघावे आणि दुकानांवरचे पत्ते वाचत जावे.

'चिटणीस की गोठ', 'महाडिक की गोठ' अशा पाट्या दिसतील. ही गुरांची गोठे नव्हेत. मराठीत 'गोट' म्हणजे सरदाराचा तळ. 'आतल्या गोटातली बातमी' म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. ज्या सरदाराचा गोट जिथे पडला, तिथे त्याची वस्ती झाली. हिंदी उच्चारात गोटचा गोठ झाला.

'फालका बाजार' हा फाळके सरदारांचा. हिंदीत 'ळ' नाही, म्हणून फाळक्यांचे फालका झाले. शिंदेशाहीच्या इतिहासाची कागदपत्रे छापून प्रसिद्ध करणारे आनंदराव भाऊ फाळके याच घराण्यातले.

'कंपू' म्हणजे महादजींच्या काळापासूनची कवायती पलटण. आज मराठीत कंपू म्हटले की मित्रांची टोळी आठवते, इथे तो एका भागाचा पत्ता आहे. 'खासगी बाजार' हे नाव राजघराण्याच्या 'खासगी' खात्याची आठवण देते. दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज ही नावे शिंदे राजांची.

आणि 'शिंदे की छावनी'. घराण्याला सगळा उत्तर भारत 'सिंधिया' म्हणतो, पण या वस्तीच्या नावात 'शिंदे' तसेच टिकले आहे. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी याच वस्तीत झाला.

ही नावे आता हळूहळू मुकी होत आहेत. गोट म्हणजे काय, फाळके कोण, हे विचारले तर तिथल्या तरुण दुकानदाराला सांगता येईलच असे नाही. जुने वाडे जातात तसे अर्थही जातात. बेळगाव-निपाणीच्या माणसाला पाटीवरच्या नावाचे मोल वेगळे सांगायला नको. लष्करात नावे तर शाबूत आहेत, पण ती मराठी आहेत हेच विसरले जाते आहे. मराठी पाहुण्याने चार ठिकाणी थांबून विचारले, वाचून दाखवले, तरी त्यांचा अर्थ थोडा जागा राहतो.

इथली मराठी फक्त सरदारांची नव्हती. कवी भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवी. १९४१ साली त्यांचे निधन इथेच झाले. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचे, मराठी घरातले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत.

गाणे इथून मिरजेला कसे आले

सीमाभागाचे ग्वाल्हेरशी सर्वांत जवळचे नाते गाण्याचे. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी शिंदे दरबारात ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी घडवली. त्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) शिकले आणि ती विद्या घेऊन दक्षिणेत परतले. मिरजेत त्यांच्याकडे कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आज आपल्या गावातली मुले गांधर्वच्या परीक्षा देतात, त्याची मुळे या लष्करातल्या बैठकींत आहेत.

ग्वाल्हेरात ही परंपरा शंकरराव पंडित, कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैया पूंछवाले यांनी सांभाळली. माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने भातखंडे यांनी १९१८ साली सुरू केलेले माधव संगीत महाविद्यालय अजून चालू आहे. जीवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याचे 'सरोद घर' संग्रहालय आहे. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचे शहर' म्हणून मान दिला.

जाण्याआधी

थेट गाडी : वास्को–निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, भोपाळमार्गे ग्वाल्हेरला थांबते. बदलाबदली करावी लागत नाही.

हंगाम : ऑक्टोबर ते मार्च चांगला. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दुपारचा चढ टाळून उरवाईने गाडीनेच जावे.

वेळा : किल्ल्याच्या आणि कार्यक्रमाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. निघण्याआधी हॉटेलवर खात्री करावी.

वाहन : किल्ल्यावर टॅक्सी, लष्करात पाय किंवा ई-रिक्षा. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी बाड्याजवळच सोडावी.

खाणे : नया बाजारातले बहादुराचे बुंदीचे लाडू वाजपेयींच्या आवडीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. थंडीत तिळाची गजक घ्यावी. ती प्रवासात टिकते. बेडई-कचोरी आणि जिलेबी हा सकाळचा नाश्ता, तो दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावा.