लाल बावटा कलापथक : तीन शाहिरांची गोष्ट

बैठकीत हिशेब झाला की आपल्यातली कुणीतरी गाणं म्हणते. आपलं दुखणं गाण्यातून चारचौघांत मांडायची ही रीत जुनी आहे. ती ज्यांनी महाराष्ट्रभर नेली, त्या शाहिरांची गोष्ट आज सांगतो.

१९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक सुरू झालं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन शाहीर. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. अमर शेख बार्शीचे. दोघांनीही गिरणीत काम केलं होतं. कम्युनिस्ट पक्षाचा झेंडा लाल, म्हणून नाव लाल बावटा.

त्यांनी नवं काय केलं? तमाशा, पोवाडा, लावणी लोकांच्या ओळखीचीच होती. ढोलकी, डफ, तुणतुणं तेच ठेवलं, आतला विषय बदलला. तमाशाच्या सुरुवातीला गणपतीचं गण म्हणतात. अण्णा भाऊंनी त्या जागी मायभूमीला वंदन केलं. सावकाराची पिळवणूक, गिरणी कामगारांचे हाल, बंगालचा दुष्काळ, सगळं गाण्यात आलं. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळायचं.

म्हणूनच सरकारला ते खुपलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पण शाहीर गप्प बसले नाहीत. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव रुजलं आणि खेळ चालूच राहिले.

गाण्याची भीती सगळीकडच्याच सत्तेला वाटते. दूर ब्राझील देशात १९६० नंतरच्या काळात काही तरुणांनी तिथले लोकठेके आणि विजेवरची गिटार एकत्र केली. त्यांच्यातल्या ‘ओस म्युटांटेस’ या गटात रीटा ली नावाची एक मुलगीही गायची. १९६८ च्या डिसेंबरात तिथल्या लष्करी राजवटीने त्यांच्या दोन साथीदार गायकांना अटक केली. पुढे त्या दोघांना देश सोडावा लागला.

आपल्या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गावोगाव गाणी नेली. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्याच वेळची. पोटासाठी मुंबईला गेलेला नवरा गावातल्या बायकोची आठवण काढतो. आणि तिच्यासारखेच महाराष्ट्रापासून तुटलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावही त्याला आठवतात. डांग म्हणजे आपल्या नवापूरला लागून असलेला मुलूख. १ मे १९६० ला राज्य झालं, पण डांग गुजरातेत गेला.

१९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेखही गेले. गाणी मात्र राहिली.

आता आमच्या मनातली एक गोष्ट बोलतो. त्या छक्कडीत मैनेची आठवण नवरा सांगतो. मैनेला काय वाटलं, ते ती स्वतः सांगत नाही. तिने शेत कसं कसलं, उधारी कशी फेडली, ते कोण सांगणार? आपल्याकडे १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा आदिवासी बायांनी मोर्चे काढले, दारूची मडकी फोडली. त्या दिवसांत मैना स्वतः बोलली.

आज ऊसतोडीला गुजरातेत नवरा एकटा जात नाही, मैनाही कोयता घेऊन सोबत जाते. तिची झोपडी, तिची उचल, सोबत नेलेली किंवा आजीजवळ ठेवलेली लेकरं, यावर गाणं हवं. शाहिरांनी चाल आणि हिंमत दिली, शब्द आपले असू द्या. अहिराणीत, भिलीत, पावरीत, मावचीत, जी आपली बोली तिच्यात. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटल्यावर एकेकीने एकेक ओळ जोडा. गाणं पुरं झालं की आम्हाला कळवा, ते याच रेडिओवर तुमच्या आवाजात ऐकवू.