‘कागद संपला’ सांगणारी तार

१९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आणले. धावपट्टीच्या खाचेत अडकून, खाचेलगतच्या पट्ट्यांमधून वीज घेत धावणाऱ्या या चिमुकल्या मोटारींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कुतूहल आहे ते निकालाचे. आधी कोण पोहोचले, हे ठरवायचे कोणी?

डोळ्यांवरचा हा भार पुढे घरगुती संगणकाने उचलला. त्याच्या प्रिंटर-पोर्टमध्ये छपाईयंत्राची खबर आत आणणाऱ्या पाच तारा असत. ‘कागद संपला’ सांगणारी तार त्यांतलीच. हौशी मंडळींनी अशा तारांना धावपट्टीतले प्रकाशसंवेदक जोडले. मोटार गेली की छपाईयंत्राचा निरोप उमटे आणि सॉफ्टवेअर एक फेरी मोजे. मात्र संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तर नोंद उशिरा होई.

यूएसबी आले आणि ते पोर्ट मागे पडले. त्याची जागा २००५ साली इटलीतील इव्हरिया येथे जन्मलेल्या आर्डुइनोसारख्या पाट्यांनी घेतली. मी ‘उनो’ जोडून पाहिला, तेव्हा खरा फरक उमगला. रेषेपाशी बसलेली चिप चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी वेळ टिपते, मग संगणकाला कळवते. निरोप रेंगाळला तरी निकाल बदलत नाही. घरी डकवलेल्या त्या चार तारांनी पंचाला पुन्हा रेषेपाशी आणून बसवले.